भिजलेला चार्जर वाळला, म्हणजे बरा झाला का?

पावसाळा लागला की गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास येतो, तोच आज घेतला आहे. लॅपटॉपचा चार्जर पाण्यात भिजला. दोन दिवस उन्हात ठेवला. आता वरून कोरडा ठणठणीत दिसतो. लावावा का?

बऱ्याच घरांत त्याचे उत्तर ‘लावून तर बघू’ असे मिळते. लावल्यावर दिवा लागला, लॅपटॉप चार्ज व्हायला लागला, की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. पण चार्जर चालतो आहे आणि चार्जर सुरक्षित आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आज आपण हा फरक नीट समजून घेऊ, कारण इथे चुकले तर नुकसान चार्जरवर थांबत नाही.

लॅपटॉप आता आपल्या घरातली वस्तू झाली आहे. गटाचे हिशेब, सीआरपी ताईंची ऑनलाइन माहिती, मुलीचे कॉलेजचे काम, सगळे त्यावर चालते. शिवाय आपल्यापैकी कितीतरी जणींची मुले मुंबईत गिरगाव, दादर, परळ, लालबाग भागात काकांकडे, आत्याकडे राहून शिकतात किंवा नोकरी करतात. म्हणून आजची उदाहरणे आम्ही त्या भागातली घेतली आहेत. तिथली खोली लहान, पाऊस मोठा, आणि खोलीतल्या अडचणी आपल्या घरातल्यासारख्याच.

‘आमच्याकडे पाणी येत नाही’

२६ जुलै २००५ चा मुंबईचा पाऊस सगळ्यांना आठवतो. त्या एका दिवसात सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच दिवशी दक्षिण टोकाला, कुलाब्याला, फक्त ७३ मिलिमीटर पडला. त्या पुरात माणसे बुडून गेली, दरडीखाली गेली, तशी विजेच्या धक्क्यानेही गेली.

मग आला ५ ऑगस्ट २०२०. या वेळी सगळे उलटे झाले. कुलाब्याला २४ तासांत ३३० मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि सांताक्रूझला त्याच्या निम्मा. वारा ताशी १०० किलोमीटरच्या वर. गिरगाव, चर्नी रोड, चौपाटी अशा, एरवी तुंबत नाहीत अशा भागांत पाणी भरले. दिवस कोरोनाचे होते. मुलांची शाळा मोबाइल-लॅपटॉपवर, मोठ्यांचे ऑफिस घरातून. म्हणजे नेमक्या त्याच वर्षी घराघरांत जमिनीवर, गादीवर, स्टुलावर चार्जर लागलेले होते.

दादर-परळच्या मधला हिंदमाता परिसर तर पाणी तुंबण्यासाठी प्रसिद्धच आहे. साड्या-कपड्यांच्या घाऊक खरेदीसाठी तुमच्यापैकी काही जणी तिथे गेल्या असाल. तो भाग बशीसारखा खोलगट आहे. आजूबाजूचे पाणी तिथे येते, आणि समुद्राला भरती असली की नाल्यांतून बाहेर जायला त्याला वाट मिळत नाही. महापालिकेने तिथले पाणी साठवायला मैदानाखाली मोठ्या टाक्या बांधल्या, पंप बसवले. तरीही मोठ्या पावसात तळमजल्यावरच्या माणसाने सामान वर उचलून ठेवावेच लागते.

आपल्याकडेही वेगळे नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूण आपण पाहिले. पाणी दरवर्षी त्याच दारात येते असे नाही. म्हणून पुढची माहिती नदीकाठच्या मैत्रिणींइतकीच टेकडीवरच्या मैत्रिणींच्याही कामाची आहे. छत गळते, तांब्या कलंडतो, चहा सांडतो, हे तर कुठेही होते.

चार्जर म्हणजे घरातली छोटी डीपी

लॅपटॉपच्या वायरीच्या मध्ये जो काळा ठोकळा असतो, त्याला अडॅप्टर म्हणतात. आपण सगळ्याला मिळून चार्जर म्हणतो. हा ठोकळा काय करतो?

गावाबाहेरची डीपी आठवा. मोठ्या लाइनने ११,००० व्होल्टची वीज येते. डीपी तिला खाली उतरवते आणि घराला २३० व्होल्ट मिळतात. डीपीच्या अलीकडची वीज आणि पलीकडची वीज वेगळी. अलीकडची थेट घरात आली तर काय होईल, हे सांगायला नको.

चार्जरचा ठोकळा हेच काम लहान प्रमाणात करतो. भिंतीतून २३० व्होल्ट आत घेतो आणि दुसऱ्या टोकाने साधारण १९ किंवा २० व्होल्ट बाहेर देतो. २० व्होल्टने कोरड्या हाताला शॉक बसत नाही. २३० व्होल्टने माणूस मरतो. ठोकळ्याच्या आत या दोन विजांच्या मध्ये एक सीमा आखलेली असते. एका बाजूला भिंतीची वीज, दुसऱ्या बाजूला लॅपटॉपची. मध्ये काही मिलिमीटरची मोकळी जागा आणि प्लास्टिकचे आवरण. ही सीमा शाबूत आहे तोवरच लॅपटॉप मांडीवर घेणे, त्याच्या पत्र्याला हात लावणे, कानात वायरचा इअरफोन घालून बसणे सुरक्षित आहे.

पाणी नेमके या सीमेवर घाला घालते.

पाणी जाते, मीठ राहते

शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही. पण शुद्ध पाणी आपल्या वाट्याला येतेच कुठे? पुराच्या पाण्यात माती, गटाराचे पाणी, साबण, क्षार असतात. मुंबईत किनाऱ्याजवळ समुद्राचा खारेपणा. आपल्याकडे बोअरच्या पाण्यात क्षार. चहात साखर आणि दूध. असे पाणी वीज सहज वाहून नेते.

चार्जरचा ठोकळा चिकटवून बंद केलेला असतो. पाणी वायरीच्या भोकातून, प्लगच्या खाचेतून, जोडाच्या फटीतून आत शिरते, पण तितक्या सहज बाहेर येत नाही. उन्हात ठेवले तर हळूहळू पाणी उडून जाते. मात्र त्यातले क्षार आणि गाळ आतच राहतात. पातेल्यात बोअरचे पाणी आटवले की तळाला पांढरा थर बसतो ना? तसाच थर आतल्या पट्टीवर, दोन विजांच्या मधल्या त्या मोकळ्या जागेवर बसतो.

आता पुढचे लक्षात घ्या. मीठ हवेतला ओलावा ओढून घेते. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत पाणी सुटते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आतला थरही तसाच ओलसर होतो आणि त्यातून थोडी थोडी वीज पाझरू लागते. पाझरणाऱ्या विजेने तो भाग तापतो, काळा पडतो, जळका कोळसा तयार होतो. कोळशातून वीज आणखी वाहते. दुसरीकडे तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवा गंज चढतो, सांधे सुटतात, ठिणग्या पडतात.

हे सगळे पहिल्या दिवशी होत नाही. म्हणूनच फसगत होते. भिजलेला चार्जर आठवडाभर, महिनाभर छान चालतो. मग एखाद्या रात्री गादीवर तापून वितळतो, किंवा सीमा तुटून २३० व्होल्ट लॅपटॉपच्या पत्र्यापर्यंत येतात. तोवर तो भिजला होता हे घरात कुणाच्या लक्षातही राहिलेले नसते.

तांदूळ, ऊन, गरम हवा

भिजलेली वस्तू तांदळात पुरून ठेवायची, हा उपाय मोबाइलमुळे सगळीकडे पोचला आहे. तांदूळ बंद ठोकळ्यातले पाणी ओढून घेत नाही, आणि क्षार तर अजिबात काढत नाही. उलट तांदळाचा भुगा खाचेत अडकतो. अ‍ॅपल कंपनीनेही २०२४ मध्ये सांगितले की भिजलेला आयफोन तांदळात ठेवू नका.

कडक उन्हाने किंवा केस वाळवायच्या यंत्राच्या गरम हवेने ठोकळ्याचे प्लास्टिक आणि वायरीचे आवरण कमकुवत होते. क्षार तिथेच राहतात.

मग उघडून साफ करावा का? घरी नाही. आत कंडेन्सर असतो, पंख्यात असतो तसा. भिंतीच्या विजेने भरल्यावर त्यात ३०० व्होल्टच्या वर दाब साठतो, आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ टिकू शकतो. शिवाय एकदा फोडलेला ठोकळा पुन्हा तसा घट्ट बंद होत नाही.

किती भिजला, त्यावर ठरवा

प्रत्येक वेळी चार्जर टाकून द्या असे आम्ही म्हणत नाही. तीन प्रकार लक्षात ठेवा.

पहिला, ठोकळ्यावर वरून चार थेंब पडले. खाचा आणि वायरीची टोके कोरडी आहेत. आधी बोर्डवरचे बटण बंद करा, कोरड्या हाताने प्लग काढा, ठोकळा पुसा, एक दिवस कोरड्या जागी ठेवा. मग वापरा आणि पहिले काही दिवस लक्ष ठेवा. जास्त तापणे, जळका वास, चुरचुर आवाज, डाग, वायर चिकट लागणे, यातले एकही दिसले तर वापर थांबवा.

दुसरा, ठोकळ्यावर पाणी किंवा चहा ओतला गेला आणि खाचेत, वायरीच्या भोकाजवळ ओल दिसते. हा चार्जर पुन्हा लावू नका.

तिसरा, चार्जर पाण्यात बुडाला, मग ते पुराचे पाणी असो की बादलीतले. त्याचा विषय संपला. त्याची भिंतीत लावायची सुटी वायर बुडाली असेल तर तीही गेली.

शंका असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारात धरा.

आणि तो चार्जर तसाच भंगारात देऊ नका. कुणीतरी पुसून पुन्हा विकतो किंवा शेजारचे पोरगे उचलून नेते. भिंतीतून काढून एक दिवस गेला की त्याची लॅपटॉपकडची वायर कापून टाका, मग ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

पाणी घरात शिरत असताना

लालबाग-परळच्या चाळीतली खोली बघा. बीडीडी चाळीतली जुनी खोली १६० चौरस फुटांची. त्यातच स्वयंपाक, त्यातच मोरी, त्यातच अभ्यास. बोर्ड एक, त्याला लावलेला एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर, आणि त्यात फोन, लॅपटॉप, टेबलफॅन. मोरीतले पाणी तिथे यायला पूर लागत नाही, एक बादली पुरते. आपल्या घरातही पडवीत किंवा चुलीशेजारी हेच चित्र असते.

म्हणून पहिले काम पावसाआधीचे. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवरून उचला आणि भिंतीला खिळ्यावर टांगा. चार्जरचा ठोकळा फळीवर किंवा स्टुलावर, उघड्यावर ठेवा. गादीखाली, कपड्यांखाली नको, तो तापतो. मुसळधार पाऊस असेल, छत गळत असेल, तर लॅपटॉप आधी चार्ज करून घ्या, प्लग काढा आणि बॅटरीवर काम करा. प्लग काढला की भिंतीच्या विजेचा धोका तिथेच सुटला.

पाणी दारात आले, पण तुमचे पाय आणि बोर्डखालची जमीन अजून कोरडी आहे, तर आधी मेन स्विच बंद करा. प्लग आणि सामान नंतर.

पाणी आत भरलेच आहे आणि मेन स्विचपर्यंत जायला त्या पाण्यातून जावे लागते, तर जाऊ नका. पाण्यात एक्स्टेन्शन बोर्ड किंवा चार्जर बुडालेला असेल तर ते पाणीच तुम्हाला शॉक देऊ शकते. मुलांना घेऊन बाहेर पडा आणि वीजपुरवठा बंद करायला सांगा. गिरगाव ते दादर भागात वीज बेस्टची आहे. तिथल्या मुलांना बिलावरचा तक्रार क्रमांक फोनमध्ये साठवून ठेवायला सांगा. मुंबई महापालिकेचा आपत्तीचा क्रमांक १९१६. आपल्याकडे महावितरणसाठी १९१२.

वीज गेली म्हणून निर्धास्तही होऊ नका. ती कधीही परत येते, आणि तुम्ही पाण्यात उभ्या राहून प्लग काढत असताना येऊ शकते.

लॅपटॉप वाचवायला कुणी पाण्यात उतरू नये. हे मुलांना आधीच सांगून ठेवायचे वाक्य आहे, कारण त्या घटकेला मुलाच्या डोळ्यांसमोर त्याचा प्रोजेक्ट असतो आणि आईने हप्त्यावर घेतलेली वस्तू असते. ‘लॅपटॉप गेला तर आपण बघू, तू आत जाऊ नकोस,’ हे त्याने घरच्यांच्या तोंडून ऐकलेले हवे.

कुणाला शॉक बसत असेल तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद. ते जमत नसेल तर स्वतः कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी काठीने वायर दूर करा. मग १०८ ला फोन. श्वास चालत नसेल तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोरात आणि भराभर, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब देत राहा, मदत येईपर्यंत.

पाणी ओसरल्यावर वायरमनने बोर्ड बघितल्याशिवाय मेन चालू करू नका. भिजलेला लॅपटॉपही चालू करून बघू नका. बटण दाबल्यानेच आतले भाग जळतात. त्याची बॅटरी भिजून फुगली किंवा गरम झाली तर पेट घेऊ शकते, म्हणून तो कपडे-गाद्यांपासून दूर, फरशीवर ठेवा आणि दुरुस्तीला न्या. लॅपटॉप गेला तरी आतली माहिती पुष्कळदा काढता येते, हे दुकानदाराला आवर्जून विचारा.

एमसीबी आहे, मग भीती कशाला?

हा गैरसमज मोठा आहे. एमसीबी वायरिंगला जपते, माणसाला नाही. ६ अँपिअरची एमसीबी ६ अँपिअरपर्यंत वीज निवांत जाऊ देते. माणसाचा जीव जायला त्याचा फार लहान भाग पुरतो. माणसाला जपणारे यंत्र वेगळे. त्याला आरसीसीबी म्हणतात, आपले वायरमन त्याला ईएलसीबी म्हणूनही ओळखतात. घरासाठी ते ३० मिलिअँपिअरचे घ्यायचे, म्हणजे एका अँपिअरच्या शंभर भागांपैकी फक्त तीन भाग. तेवढी वीज वाट सोडून पाझरली की ते क्षणात पुरवठा तोडते. त्यावर ‘टेस्ट’ असे बटण असते. महिन्यातून एकदा दाबून बघा, पुरवठा तुटला पाहिजे.

त्याच्या जोडीला अर्थिंग हवे. लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावल्यावर कधी कधी झिणझिण्या येतात. पुष्कळ चार्जरमधून अगदी थोडी वीज मुळातच पाझरते आणि तीन पिनच्या प्लगमधली जाड पिन ती जमिनीत नेते. घराला अर्थिंग नसले तर ती आपल्या बोटांतून जाते. नेहमीची झिणझिणी कोणती आणि बिघाडाची कोणती, हे बोटांना कळत नाही. म्हणून झिणझिण्या आल्या की वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. आणि दोन भोकांच्या सॉकेटात बसावा म्हणून प्लगची जाड पिन कधीही तोडू नका.

नवा चार्जर घेताना

गिरगावाला लागूनच लॅमिंग्टन रोड आहे, म्हणजे आजचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. मुंबईतला इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा हा जुना बाजार. तालुक्याच्या दुकानापासून लॅमिंग्टन रोडपर्यंत, दुकान कुठलेही असो, या गोष्टी बघा.

जुन्या ठोकळ्यावरच्या चिठ्ठीचा फोटो काढून न्या. त्यावर ‘आउटपुट’ या शब्दापुढे आकडे असतात, उदाहरणार्थ १९.५ व्होल्ट आणि ३.३४ अँपिअर. नव्या चार्जरचे व्होल्ट तेवढेच हवेत. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील, कमी नकोत. पिन लॅपटॉपच्या कंपनीची आणि मापाचीच हवी.

दुसरे, आपल्या देशात लॅपटॉपच्या अडॅप्टरला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. ठोकळ्यावर ब्युरोची खूण आणि इंग्रजी ‘आर’ अक्षरापुढे आठ आकड्यांचा नोंदणी क्रमांक असतो. ‘बीआयएस केअर’ हे सरकारी अ‍ॅप मोबाइलवर घेऊन त्यात तो क्रमांक टाका. कंपनीचे नाव आणि वस्तू जुळते का, ते तिथेच दिसते. हे काम दुकानात उभ्या उभ्या, पैसे देण्याआधी करा आणि पक्के बिल घ्या.

हे सगळे ऐकून मनात येईल की बोलणे सोपे आहे, पण नव्या चार्जरला हजार-दोन हजार रुपये लागतात. खरे आहे. एवढी रक्कम म्हणजे कुणाची आठवड्याची मजुरी. पैसे नसतात म्हणूनच भिजलेला चार्जर पुन्हा भिंतीत जातो. म्हणून गटांना आमचे एक सांगणे आहे. पुढच्या बैठकीत ठराव घ्या की पाण्यात बुडालेल्या चार्जरसाठी किंवा आरसीसीबी बसवण्यासाठी सभासदाने कर्ज मागितले, तर ते आजारपणाच्या कर्जासारखे लगेच द्यायचे. गटाचा स्वतःचा लॅपटॉप असेल तर त्याचा चार्जर कुठे ठेवायचा आणि पावसाळ्यात प्लग काढायची जबाबदारी कुणाची, हेही वहीत लिहून ठेवा. आणि मुंबईला राहणाऱ्या लेकराला आज फोन कराल तेव्हा जेवलास का विचारून झाले की एवढेच विचारा, तुझा एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर आहे की भिंतीवर?